टायरातील हवा आणि वैशाखातील ऊन

वैशाखातल्या एका सकाळी वर्ध्याच्या एका पंक्चरच्या दुकानापाशी आम्ही उभे होतो. आमच्या पुढे एक मोटार होती. पाच माणसे, मागच्या डिकीत पेट्या, वर बांधलेले एक गाठोडे; मंडळी शिर्डीला निघाली होती. यजमानांनी दुकानातल्या पोराला बजावले, "हवा जरा कमीच ठेव रे. उन्हाचे दिवस आहेत, वाटेत फुगते." पोराने मान हलविली, नळी लावली, बत्तीसचा काटा सत्तावीसवर आणला आणि गाडी निघून गेली. त्या मंडळींचा प्रवास सुखरूप झालाच असेल. पण जो सल्ला त्यांनी त्या पोराला दिला, आणि जो आपल्या विदर्भात बाप मुलाला आणि एक चालक दुसऱ्या चालकाला मोठ्या काळजीने देतो, तो मुळातच उलटा आहे. आजच्या लेखात आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे. परंतु ‘उलटा आहे’ असे नुसते म्हणून भागत नाही. तो उलटा का, हे पटले तरच माणूस जुनी सवय सोडतो. म्हणून थोडे मुळापासून सुरुवात करू.

गाडीचे ओझे कोण पेलते, असे विचारले तर बहुतेक जण ‘टायर’ असे उत्तर देतील. वास्तविक ओझे पेलते ती आतली हवा. रबर आणि त्यातले दोरे हे त्या हवेला कोंडून ठेवणारे पोते होय. हिशेब करून पाहू. भरलेल्या मोटारीच्या एका चाकावर ४०० किलो भार आहे असे समजा. टायरात ३२ पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड दाब, अर्थात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. मग ४०० किलो पेलण्यास सुमारे १७८ चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकली पाहिजे. ही जागा पोस्टकार्डाहून थोडीशीच मोठी. चार चाकांची मिळून अशी चार पोस्टकार्डे. गाडीचे धावणे, वळणे आणि थांबणे सारे त्यांच्यावर अवलंबून आहे. आता हवा २४ पौंडांवर आणली तर तोच भार पेलण्यास सुमारे २३७ चौरस सेंटिमीटर जागा लागेल. टायरच्या कडांचा ताठपणाही थोडा भार उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे मागेपुढे होतात. पण मुद्दा स्पष्ट आहे: हवा कमी केली की टायर अधिक बसतो, अधिक पसरतो आणि अधिक वाकतो.

हे पसरणे नेहमीच वाईट असते असे नाही, आणि आपल्या शेतकऱ्यांना ते कोणी शिकवावयास नको. लोखंडी धावेच्या चाकाची बैलगाडी पावसाळ्यात काळ्या मातीत रुतते, आणि रबरी टायरची गाडी त्याच वाटेने निघून जाते, हे हिंगणघाट-समुद्रपूरकडे ज्याने कापसाच्या गाड्या पाहिल्या त्याला ठाऊक आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरात शेतात बारा-पंधरा पौंडच हवा ठेवतात, कारण तेथे पसरून माती धरणे हेच टायरचे काम असते.

याच तत्त्वाचे टोकाचे उदाहरण मोटारींच्या शर्यतीत सापडते. ड्रॅग रेस म्हणून एक शर्यत असते. त्यात सरळ रेषेत, उभ्या जागेवरून, पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर कोण आधी कापतो एवढेच पाहावयाचे असते. अमेरिकेत तिचा प्रसार फार. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. या शर्यतीसाठी ‘ड्रॅग रेडियल’ नावाचे खास टायर निघतात. त्यांचे रबर मऊ, कडा लवचिक आणि नक्षी अगदी उथळ. शर्यतीपुरती त्यांतली हवा वीस पौंडांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरवितात. इंजिनाचा जोर एकदम चाकावर आला की टायर जमिनीला लांबलचक चिकटतो, त्याच्या कडांना सुरकुत्या पडतात, आणि घसरून जागेवरच फिरण्याऐवजी तो गाडी पुढे फेकतो. सारा खेळ दहा-पंधरा सेकंदांत आटोपतो.

हेच टायर घालून घरी परत जाणारे शौकीनही आहेत. त्यांच्यात जे जाणते आहेत ते शर्यत संपताच पहिले काम करतात ते हवा पुन्हा भरण्याचे. वीस पौंडांवर रस्त्याने जाऊ लागले तर गाडी डुलते, सुकाणू सैल वाटते, वळणावर टायरची कड रिमवरून सरकण्याचे भय असते, आणि थोड्याच मैलांत टायर हात लावू देणार नाही इतका तापतो. म्हणून रस्त्यासाठी ते गाडीच्या उत्पादकाने दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करतात. मग टायरच्या रुंदीवर खडूची आडवी रेघ ओढून थोडे अंतर सरळ चालवितात. रेघ मधूनच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांनी पुसली गेली तर कमी, सगळीकडून सारखी पुसली गेली तर ठीक. अशी एक-दोन पौंडांची उकल करून ते आकडा ठरवितात. टायर तोच, गाडी तीच; पण काम बदलले की हवा बदलली. दाबाची निवड टायरवरून नव्हे तर कामावरून ठरते, हा धडा आपण या शौकिनांकडून घ्यावा.

आता आपले काम कोणते ते पाहू. आपल्याला दहा सेकंद धावावयाचे नाही. सहा-सात तास धावावयाचे आहे. मध्यम मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर असतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी मिनिटाला २००० मीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला एक हजार वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा जमिनीवर दबतो आणि सुटतो. नागपूर ते शिर्डी हे ५२० किलोमीटर अंतर म्हणजे सुमारे दोन लाख साठ हजार फेरे. लोखंडी तार एकाच जागी भराभर वाकवून पाहा. वाकते तेथे ती गरम होते. रबराचेही तसेच. दबताना ते जेवढी शक्ती घेते तेवढी सारी सुटताना परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन आतच राहते. आणि रबर हे उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे ती लवकर बाहेर पडत नाही. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात वाकणे अधिक, म्हणून उष्णताही अधिक. ती साठते ती विशेषतः टायरच्या खांद्यांशी, जेथे पोलादी तारांचे पट्टे संपतात. तेथे रबर आणि तार यांची पकड सुटू लागते, थर विलग होतात, आणि एका क्षणी टायर उसवतो. वेग फार वाढला आणि हवा कमी असली तर दबलेला भाग जमिनीवरून सुटल्यावर पूर्ववत होण्याच्या आतच त्याची पुढची पाळी येते. टायरच्या अंगावर पाण्यासारखी लाट उभी राहते. अशा लाटेत टायर काही मिनिटांतच निकामी होऊ शकतो.

म्हणजे टायर फुटतो तो आत हवा जास्त झाली म्हणून, ही समजूत चूक आहे. निरोगी टायर नेहमीच्या दाबाहून पुष्कळ अधिक दाब सहज सोसतो. तो मरतो तो बहुधा हवेच्या अभावाने आणि त्यातून उपजणाऱ्या तापाने.

"पण उन्हात हवा फुगते हे तर खरे ना?" असे कोणी विचारील. खरे आहे, आणि किती फुगते याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने करता येतो. कोंडलेल्या वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. मात्र मापकावर दिसणाऱ्या आकड्यात बाहेरच्या वातावरणाचा सुमारे १४.७ पौंड दाब मिळवूनच हा हिशेब करावा लागतो. सकाळी ३० अंशांना टायरात ३२ पौंड हवा भरली. धावता धावता आतली हवा ६५ अंशांवर गेली. हिशेब मांडला तर मापकावर सुमारे ३७ पौंड दिसतील. ढोबळ मानाने दर दहा अंशांना दीड पौंड वाढ. ही पाच पौंडांची वाढ टायर बनविणाऱ्याला ठाऊक असते. थंड टायराचा आकडा ठरवितानाच त्याने ती धरलेली असते.

आता घात कोठे होतो पाहा. वाटेत चहाला थांबलेला चालक मापक लावतो, ३७ पाहून दचकतो आणि हवा सोडून काटा ३२ वर आणतो. आपण टायरचा जीव वाचविला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी तो टायर थंड झाला की त्यात २७ पौंडच उरलेले असतात. पुन्हा निघाला की टायर अधिक वाकतो, अधिक तापतो, काटा पुन्हा वर चढतो, आणि हा शहाणा पुन्हा हवा सोडतो. तापलेल्या टायरातली हवा कधीही सोडू नये. या लेखातले दुसरे काहीच लक्षात राहिले नाही तरी चालेल, हे राहावे. वाढलेला दाब हा रोग नव्हे. ते तापाचे लक्षण आहे. ताप आलेल्या माणसाचे रक्त काढून ताप उतरत नाही.

आमच्या परिचयाचे अनेक जण याचे खापर सिमेंटच्या रस्त्यावर फोडतात. "समृद्धीचा रस्ता टायर खातो," असे वाक्य वर्धा-आर्वी भागात सर्रास ऐकू येते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. आपल्या जिल्ह्यात सेलू, वर्धा आणि आर्वी या तालुक्यांतून तो जातो. येळाकेळी आणि विरूळ येथून त्यावर चढता येते. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सिमेंटचा पृष्ठभाग कठीण असतो हे खरे; पण त्याचा रंग फिका असल्याने भर उन्हात तो काळ्या डांबराहून काहीसा कमीच तापतो. खरा फरक वेगळा आहे. जुन्या रस्त्याने वर्ध्याहून निघालेली गाडी दर चार-पाच मैलांवर कोठे गाव, कोठे फाटक, कोठे जनावरांचा कळप म्हणून थबकत असे, आणि तेवढ्यात टायर श्वास घेत असे. समृद्धीवर थबकणे नाही. दोन-तीन तास अखंड एकाच वेगाने चाक फिरत राहते. ज्या टायरची उणीव जुन्या रस्त्याने झाकली होती ती हा रस्ता झाकत नाही, एवढेच. म्हणूनच २०२३ मध्ये परिवहन खात्याला या मार्गावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

येथे एका दुःखद घटनेचा उल्लेख करणे आम्हांला भाग आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच मार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणाऱ्या खाजगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी दगावले. त्यांत आपल्या वर्धा जिल्ह्यातले अनेक होते. काही घरांतून तरणीताठी मुले गेली. टायर फुटल्याने अपघात झाला असे प्रथम सांगण्यात आले. परिवहन खात्याच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. या घटनेविषयी याहून अधिक बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. अपघात झाला की ‘टायर फुटला’ हे शब्द आपल्या तोंडी ‘नशीब फुटले’ या शब्दांसारखे येतात. जणू टायर फुटणे ही कोणाच्याच हातची गोष्ट नव्हे. ज्या वेळी टायर खरोखर फुटतो त्या वेळीसुद्धा त्यामागे बहुतेकदा कमी हवा, जास्त ओझे, जास्त वेग, जुने रबर किंवा दुर्लक्षिलेली इजा यांपैकी काहीतरी असते. त्यांतली प्रत्येक गोष्ट निघण्यापूर्वी पाहता येते. जे पाहता येते त्याला दैव म्हणू नये.

तेव्हा प्रत्यक्ष निवड कशी करावी? चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक छोटा तक्ता चिकटविलेला असतो. त्यावर दोन आकडे असतात: एक थोड्या माणसांसाठी, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. गावातल्या गावात दोघे फिरत असाल तर पहिला. पाच माणसे आणि सामान घेऊन शिर्डीला निघाला असाल तर दुसरा. कित्येक गाड्यांत मागच्या चाकांचा आकडा पुष्कळ वाढविण्यास सांगितलेले असते, कारण डिकीचा भार तेथे येतो. काही उत्पादक सततच्या वेगासाठी आणखी वेगळा आकडा देतात. दिला असेल तर महामार्गावर तोच पाळावा. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, आपल्या गाडीचा योग्य दाब नव्हे. तो गाठू जाल तर नक्षीचा मधलाच भाग टेकेल आणि पकड कमी होईल. मालमोटारीची गोष्ट निराळी. तेथे दाब शंभर पौंडांच्या पुढे असतो, आणि मागच्या जोडचाकांपैकी एकात हवा कमी असली की तिचे ओझे मुकाट्याने शेजारच्या चाकावर पडते. ती जोडी बाहेरून पाहून कळत नाही. दोन्हींना मापक लावावा लागतो.

मापक टायर थंड असताना लावावा. थंड म्हणजे निदान तीन तास उभा असलेला, उन्हात नव्हे तर सावलीत. वर्ध्यात मे महिन्यात दुपारी पारा ४५-४६ अंशांपर्यंत जातो. तेव्हा सकाळची वेळच बरी. वाटेत तापलेल्या टायरात भरण्याची वेळ आलीच तर तक्त्यावरील आकड्यापेक्षा चार-पाच पौंड जास्त भरावी आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पाहावे. केवळ डोळ्यांवर विसंबू नये. रेडियल टायरची कड मुळातच बाहेर फुगलेली दिसते. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले तेव्हापासून तो त्याचा स्वभावच आहे. त्यामुळे पाच-सात पौंड कमी असलेला रेडियल धडधाकट टायरासारखाच दिसतो. पायाने ठोसा मारून हवा ओळखणारे कसबी चालकही येथे फसतात. शे-दोनशे रुपयांचा मापक गाडीत असावा.

ऋतू पालटला की पुन्हा तपासावे. मे महिन्यात ४३ अंशांच्या सावलीत ३२ पौंड भरलेला टायर मार्गशीर्षातल्या १२ अंशांच्या पहाटे साडेसत्तावीसच दाखवील. शिवाय दर महिन्याला पौंडभर हवा आपोआप झिरपते ती वेगळीच. पावसाळ्यात कमी हवेचा आणखी एक धोका असतो. रस्त्यावर पाणी साचले असता ठरावीक वेगापुढे टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरांवरून दाखवून दिले की हा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यांच्या सूत्राने ढोबळ मानाने गुळगुळीत टायर ३२ पौंडांवर ताशी ९४ किलोमीटरला तरंगतो, तर २४ पौंडांवर ८२ किलोमीटरलाच. म्हणून नक्षी ‘गोटा’ झालेले टायर घेऊन पावसात महामार्गावर चढू नये. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला असे समजावे. चर उथळ झाली की तीत बसविलेले लहान उंचवटे नक्षीच्या पातळीला येतात. ती खूण होय.

नायट्रोजनविषयीही लोक विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापल्यावर दोन्ही सारख्याच फुगतात. पदार्थविज्ञानाचा नियम दोघांत भेद करीत नाही. नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, एवढाच त्याचा लाभ. महिन्याला मापक लावणाऱ्यास साधी हवा पुरते. आणि न लावणाऱ्यास नायट्रोजन वाचवीत नाही. शेवटी टायरचे वयही पाहावे. त्याच्या कडेवर चार अंक असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी आपल्याकडच्या उन्हात रबर वाळते, त्याला बारीक चिरा पडतात. अशा टायरवर घरचा प्रवास बेतू नये.

हे सारे करावयास किती वेळ लागतो? पाच चाकांना मापक लावण्यास दहा मिनिटे पुरतात. पाच म्हटले, कारण जादा चाक बहुतेकांच्या गाडीत वर्षानुवर्षे हवेविना पडून असते. प्रवासाला निघताना आपण नारळ वाढवितो, गाडीला हार घालतो, चाकांखाली लिंबे ठेवतो. ते अवश्य करावे. निघणाऱ्याच्या काळजीचाच तो एक भाग आहे. मात्र लिंबू ठेवण्यासाठी वाकलेच आहोत, तर त्याच वाकण्यात व्हॉल्व्हची टोपी काढून काटा पाहावा. आणि दुकानातला पोरगा "साहेब, ऊन आहे, थोडी कमी ठेवू का?" म्हणाला, तर त्याला प्रेमाने सांगावे: "नाही रे बाबा. ऊन आहे, म्हणूनच पुरती भर."